कोरड्या कुंड्या

‘परदेशी राहून आपण आपले सण कसे पाळता’ या विषयावर स्मरणिकेसाठी चार शब्द लिहावेत, अशी संपादकांची आज्ञा झाली. आज्ञा प्रेमाची आहे; परंतु ती जशीच्या तशी मजकडून पाळली जाणार नाही. १९७० साली मी मॉरिशसहून परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी इंग्लंडात आले. त्यानंतरची कित्येक वर्षे रात्रपाळी आणि दिवसपाळी यांतच गेली. गणपती कधी आले आणि कधी गेले, हे पुष्कळदा घरच्या पत्रावरूनच कळे. तेव्हा सणांविषयी मी काय सांगावे? मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास माझ्या घरामागील लहानशा काचगृहात एक फूल उमलते. त्या फुलाशी माझ्या आईची एक गोष्ट निगडित आहे. ती मी आजवर कोणास सांगितलेली नाही. माझे दोघे भाऊ ही स्मरणिका नेमाने वाचतात; त्यांनाही ती येथेच प्रथम कळेल.

फुलाचे नाव गर्न्झी लिली. शास्त्रज्ञ त्यास नेराइनी सार्निएन्सिस म्हणतात. हात-दीड हात उंचीचा एकच सरळ दांडा, त्यावर एकही पान नाही, आणि टोकास दहा-बारा फुलांचा झुबका. पाकळ्या अरुंद व मागे वळलेल्या, पुंकेसर लांब व पुढे आलेले. रंग कुंकवाचा म्हणावा, तर तो कुंकवाहून उजळ आहे. या पाकळ्यांवर ऊन पडले की सोन्याची पूड उधळल्यासारखी त्या चमकू लागतात. इंग्लंडातील ऑक्टोबर हा ओला, करडा, मनास मरगळ आणणारा महिना. त्या महिन्यात हे तेज पाहून मनुष्य काचेच्या दारातच थबकतो.

गर्न्झी हे इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडीतले एक बेट आहे, आणि सार्निया हे त्याचे जुने लॅटिन नाव. म्हणजे दोन्ही नावे बेटाचीच. गंमत अशी, की हे फूल त्या बेटाचे नव्हेच. १६३४ साली पॅरिसमधील एका बागेत ते फुलले तेव्हा विद्वानांनी ते जपानचे ठरविले. पुढे गर्न्झीच्या किनाऱ्यावर पूर्वेकडून येणारे एक जहाज फुटले, त्यातील कंद वाळूत रुजले, अशी कथा पसरली व नाव कायमचे चिकटले. १७७२ मध्ये दक्षिण आफ्रिकेत केप येथे गेलेल्या फ्रान्सिस मॅसन या वनस्पतिसंग्राहकास हे फूल टेबल माउंटनवर आपल्या मूळ खडकांत उगवलेले आढळले, तेव्हा कुठे त्याचे खरे घर कळले. १८२० साली विल्यम हर्बर्ट यांनी त्यास ग्रीक पुराणातील समुद्रकन्यांवरून नेराइनी हे कुलनाम दिले. परंतु बेटाचे नाव काही सुटले नाही.

ही कथा प्रथम वाचली तेव्हा मला हसू आले आणि लगोलग पूर्वजांची आठवण झाली. आपली माणसे ज्या बंदरात गलबतावर चढली त्या बंदराच्या नावाने त्यांस ओळखण्याची रीत वसाहतीच्या दप्तरात होती: कोणी कलकत्त्याचा, कोणी मद्रासचा, कोणी मुंबईचा. रत्नागिरीकडील डोंगरकपारीतून चालत आलेला, मुंबई जेमतेम चार दिवस पाहिलेला शेतकरी पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरताच ‘मुंबईचा’ झाला. बोटीने दिलेले नाव त्याच्या नातवंडांपर्यंत टिकले.

एका बाबतीत मात्र कंदाने आणि माणसाने नेमके उलट वर्तन केले. केपमध्ये हे फूल मार्चपासून मेपर्यंत फुलते, कारण विषुववृत्ताच्या दक्षिणेस तो शरद ऋतू असतो. कंद उत्तरेस आणला की एक-दोन वर्षे तो गोंधळतो. मग आपले पंचांग सहा महिन्यांनी फिरवून सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलू लागतो. महिना सोडला, पण ऋतू धरून ठेवला. आपल्या पूर्वजांनी पंचांग धरून ठेवले आणि ऋतू सोडला. शरदाची कोजागिरी मॉरिशसमध्ये वसंतात येते, आणि दसऱ्याला शेतांत भाताऐवजी उसाची तोडणी चाललेली असते. लहानपणी बैठकेत गुरुजी शरदाच्या चांदण्याचे वर्णन शिकवीत, तेव्हा बाहेर उन्हाळा तोंडावर आलेला असे. आम्हां मुलांना त्यात काही विसंगती वाटली नाही. सण आला म्हणजे ऋतू आला, असेच आम्ही समजत होतो.

आता काचगृहाकडे वळते. ते आठ फूट लांब आणि सहा फूट रुंद आहे. माझ्या यजमानांनी ते जुन्या खिडक्यांच्या तावदानांतून स्वतः बांधले. १९८६ साली शेजारच्या एका वृद्ध इंग्रज गृहस्थांनी तीन कंदांची एक कुंडी मला दिली आणि म्हणाले, ‘‘हिला विसरून जाण्याची कला तुम्हांला साधली, तरच ही फुलेल.’’ मला वाटले, म्हातारपणची थट्टा. मी त्या कंदांना मोठ्या कुंडीत हलविले, उत्तम शेणखत घातले, बारा महिने पाणी घातले. पहिल्या वर्षी भरघोस पाने आली. दुसऱ्या वर्षी त्याहून भरघोस. फुलाचा पत्ता नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात एक कंद हाताला मऊ लागला. उकरून पाहते तो आतून कुजलेला.

त्यानंतर मी त्या गृहस्थांकडे अपराध्यासारखी गेले व शिकले. शिकले ते थोडक्यात असे. या कंदाच्या मूळ डोंगरावर पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा असतो. म्हणून त्याची पाने हिवाळ्यात वाढतात, वसंताच्या अखेरीस पिवळी पडतात, आणि मग तो उन्हाळाभर झोपी जातो. या झोपेत त्याला काचेआडचे कडक ऊन हवे. पाणी जवळजवळ नकोच. कुंडी मातीची व लहान असावी, कंदाभोवती बोटभर जागा पुरे. माती वाळूमिश्रित व हलकी असावी, खत अगदी बेताचे. कंद पुरता पुरावयाचा नाही, त्याची मान व खांदे वर उघडे ठेवावयाचे. मुळे हलविलेली त्यास खपत नाहीत, म्हणून चार-पाच वर्षे कुंडी बदलू नये. ऑगस्टच्या अखेरीपासून रोज मान निरखावी. तेथे जाडसर, बोथट, तांबूस टोक दिसले तर ती कळी. बारीक हिरवे टोक दिसले तर ते पान, आणि मग त्या वर्षी फुलाची आशा बहुधा सोडावी. टोक दिसले की पहिले पाणी भरपूर द्यावे. पुढे हिवाळाभर पाने हिरवी आहेत तोवर माती ओलसर ठेवावी. इंग्लंडच्या थंडीत काच एवढ्याचसाठी हवी: पाने गोठली तर पुढच्या वर्षाचा साठा कंदात भरणार कसा? रात्री पारा चार-पाच अंशांखाली जाऊ देऊ नये. माझ्याकडे त्यासाठी विजेची एक लहान शेगडी आहे. पिठ्या ढेकूण हा याचा शत्रू. तो पानांच्या बेचक्यात दडून बसतो आणि चष्मा लावल्याखेरीज दिसत नाही.

१९८९ च्या ऑक्टोबरात पहिले फूल आले. १९९५ पर्यंत पिल्ले वेगळी करून माझ्यापाशी पाच कुंड्या झाल्या होत्या.

त्या वर्षी जुलैत आई आली. सत्तरीची होती, बाबा गेल्यावर प्रथमच बेटाबाहेर पडली होती. तो उन्हाळा इंग्लंडात फार कडक गेला. गवत वाळून तपकिरी झाले, आणि आई म्हणाली, ‘‘हे तर आपल्या ब्लॅक रिव्हरसारखेच दिसते.’’ आमचा जन्म त्या कोरड्या भागात, मळ्याच्या कॅम्पात झाला. सर्वांना मिळून पाण्याचा एकच नळ होता. नळावर रांग लावून आणलेल्या पाण्यातील पहिला लोटा तुळशीचा, हा आईचा नेम. १९६० च्या फेब्रुवारीत कॅरोल वादळाने आमच्या घराचे छप्पर उडविले. वारा पडल्यावर आई चिखलातून बाहेर गेली ती प्रथम तुळस पाहावयास. भांडीकुंडी मागाहून गोळा केली.

इंग्लंडात तुळस थंडीत टिकत नाही. मी दर वसंतात बी पेरून ती नव्याने वाढविते आणि उन्हाळ्यात काचगृहात ठेवते, त्या झोपलेल्या कंदांच्या शेजारच्याच फळीवर. एकीला रोज पाणी हवे, दुसऱ्याला थेंबही नको. अशी ही शेजारीण. आई सकाळी स्नान करून लोटा घेऊन काचगृहात जाई. मला बरे वाटे. तीन आठवड्यांनी मी सहज एका कुंडीस हात लावला, तो माती गारठ ओली. पाचही कुंड्या तशाच. तुळशीस घालून उरलेले पाणी टाकावयाचे नाही, म्हणून आई ते रोज या ‘तहानेने मेलेल्या’ रोपांना घालीत होती.

मी रात्रपाळी करून आले होते, हे कारण मी पुष्कळ वर्षे मनाशी धरून ठेवले. ते पुरेसे नाही. मी आईवर ओरडले, तेही क्रिओलमध्ये, म्हणजे एकही शब्द तिला चुकविता येऊ नये अशा भाषेत. म्हणाले, ‘‘ठाऊक नाही तेथे हात का घालतेस? हे तुझे अंगण नव्हे.’’ आई काही बोलली नाही. तिने लोटा पुसला आणि फळीवर उपडा ठेवला. त्यानंतर परत जाईपर्यंत तिने काचगृहात पाऊल घातले नाही. तुळशीला पाणी मीच घातले. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती मॉरिशसला गेली.

पाचांपैकी तीन कुंड्यांतील कंद कुजले. उरलेल्या दोन कुंड्यांत बारीक हिरवी टोके आली. त्या शरदात एकही फूल आले नाही.

ऑक्टोबरच्या मध्यास आईचा दूरध्वनी आला. दसरा कसा झाला, सांध्यांचे औषध कोणते घ्यावे, धाकट्याचे घर कुठवर आले, असे सर्व बोलून झाल्यावर तिने हळूच विचारले, ‘‘तुझे ते फूल आले का गं?’’

मी म्हणाले, ‘‘आले.’’

‘‘रंग कसा?’’

‘‘तांबडा. उन्हात सोन्यासारखा चमकतो.’’

आई हसली. किती दिवसांनी तिचे ते हसणे ऐकले! म्हणाली, ‘‘बघ बाय, मी पाणी घातले म्हणून आले.’’

मी म्हणाले, ‘‘होय आई, म्हणूनच आले.’’

फेब्रुवारीत आई गेली. मी विमानाने पोहोचले तेव्हा सर्व आटोपले होते. दिवसकार्यास आलेल्या शेजारणींनी मला सांगितले, की तुझ्या आईने इंग्लंडात तुझे वठलेले झाड जगविले, हे ती आल्यागेल्यास सांगत असे. भाऊही त्या वेळी मान डोलावीत होते. मी गप्प राहिले. खोटे बोलल्याचा पश्चात्ताप मला तेव्हाही झाला नाही आणि आजही नाही. मन खाते ते त्याआधीच्या सकाळचे. ‘हे तुझे अंगण नव्हे’ हे वाक्य तिने कोणास सांगितले की नाही, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

त्या दोन कुंड्या १९९७ च्या ऑक्टोबरात फुलल्या. २०१० च्या डिसेंबरात येथे विलक्षण थंडी पडली, तेव्हा विजेच्या शेगडीवर भरवसा न ठेवता मी सर्व कुंड्या स्वयंपाकघरात आणल्या. यजमान म्हणाले, चहा ठेवावयासदेखील जागा उरली नाही. आता यजमानही नाहीत. मंडळातील एका भगिनीने हे कंद मॉरिशसला आणता येतील का, असे मागे विचारले होते. वनस्पती बाहेरून नेण्याचे नियम कडक आहेत आणि ते योग्यच आहेत. शिवाय मॉरिशसच्या दमट उन्हाळ्यात त्यांना कोरडी झोप लाभावयाची नाही. तेव्हा त्यांना येथेच राहू द्यावे.

हे लिहीत असता भाद्रपद चालू आहे. घरोघरी गणपतीची तयारी चालली असेल. आज सकाळी तुळशीला पाणी घातले आणि लोट्यात उरलेले बाहेर पुदिन्याच्या वाफ्यावर ओतले. मग चष्मा लावून कुंड्या पाहिल्या. सध्या नऊ आहेत. चारांच्या मानेशी बोथट तांबूस टोके आहेत, दोहोंत पाने दिसतात. त्या जुन्या दोहोंपैकी एक अजून माझ्यापाशी आहे; तिच्या बुडाशी खडूने ‘आई’ एवढेच लिहिले आहे. तीत अद्याप काही दिसत नाही.