मनकवडी

"मले माहीत हाय तुह्या मनात का हाय ते!" अंजनगावच्या घरात पाऊल टाकले की काकूचे हे वाक्य चहाच्याही आधी पुढे येते. मग गाडीत मला झोप लागली नाही, पुण्याचे पाणी मला मानवत नाही आणि घरात माझे कोणी ऐकत नाही, असे तीन निकाल ती एका दमात देते. नाही म्हणावे, तर "पाहा कसा लाजून राह्यला!" गप्प बसावे, तर ती कबुलीच. वर्षानुवर्षे मी हसत आलो.

वडील गेले त्या वर्षी मात्र हसू आले नाही. आमचे गाव विड्याच्या पानांचे आणि पानपिंपळीचे. गावाबाहेर आमचाही पिंपळीचा लहानसा मळा होता. शेवरी-हादग्याच्या सावलीतले ते ओलसर वेल, अंगणात वाळत घातलेली पिंपळी आणि नाकात चढणारा तिचा तिखट वास, एवढ्यात माझे सारे बालपण मावते. तेरावे उरकले आणि कळले की, मळ्याला गिऱ्हाईक आले आहे.

"तू पुन्याचा झाला, बापू. इका म्हनाले तुही जीभ रेटत नाही, मले का समजत नाही?" काकू म्हणाली. सही तेवढी माझी हवी होती.

मी सही केली. कारण काकूच्या मनातले मलाही माहीत होते! मुलीच्या लग्नाला तिला पैसा हवा होता, आणि नाव ती माझे पुढे करीत होती.

गेल्या दिवाळीत मुलाला गाव दाखवीत होतो. इतिहासातला सुर्जी-अंजनगावचा तह तो इथलाच, ३० डिसेंबर १८०३ चा, हे ऐकून त्याला भारी नवल वाटले. असईला ज्यांच्या फौजा एकमेकींवर तुटून पडल्या, ते दौलतराव शिंदे आणि आर्थर वेलस्ली. पण भडोच कोणाचे, अहमदनगर कोणाचे, हे त्यांनी कलमवार लिहून घेतले.

"एवढं सगळं कशाला लिहायचं?" मुलाने विचारले.

"एकमेकांच्या मनातलं त्यांना माहीत नव्हतं म्हणून," मी म्हणालो, आणि माझेच वाक्य मला लागले.

रात्री काकूला विचारले, "तवा मळा इकाचा, असं तुह्या मनात होतं का व?"

ती नेहमीसारखी लगेच बोलली नाही. आत गेली आणि फडताळातून एक जुना डबा घेऊन आली. तळाशी मूठभर पिंपळी होती, काळी पडलेली.

"तुह्या बापानं लावलेल्या वेलाईले म्या पानी घातलं होतं, बापू. मले वाटलं, तू नाही म्हनशील."

मी डबा नाकाशी नेला. वास अजून होता. या खेपेस मात्र माझ्या मनात काय आहे, ते काकूने सांगितले नाही.