औलूची हिवाळी सायकल

फिनलंडांतील औलू शहर उत्तरध्रुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस आहे. पारा शून्याखालीं २० अंश उतरला तरी येथील कित्येक मुलें सायकलीनेंच शाळेस जातात! हिवाळी सायकलस्वारांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषदही २०१३ सालीं येथेंच भरली.

चाक घसरून हात मोडण्याची भीति खोटी नव्हे. म्हणून टायरांस कठीण धातूचे बारीक खिळे असतात, व हवा थोडी कमीच भरतात. फ्रीव्हीलांतील वंगण थिजलें, कीं पायडल नुसतें फिरतें, सायकल जागची हालत नाहीं. तेथें पातळ तेलच हवें. कपडे मात्र बेताचेच! निघतांना थोडें कुडकुडावें, हें आमच्याकडील मफलरभक्तांस चमत्कारिक वाटेल. परंतु घामानें भिजलेला सदरा थंडीहून घातक. आणि सायकल उबेस घरांत घेऊं नये. वितळलेला बर्फ बाहेर पुन्हां गोठून ब्रेक धरून ठेवतो.