उक्त्या कामाचा हिशेब

सासूबाई न्हाणीत दुसऱ्यांदा घसरल्या, तेव्हा म्हटलं, आता ही गुळगुळीत झालेली शहाबादी फरशी काढायचीच. बेळगावातलं आमचं घर जुनं, न्हाणी ५ बाय ७ फुटांची. एवढ्याशा जागेला कितीसे दिवस लागणार?

गवंडीमामांनी टेप लावली. जमीन ३५ चौरस फूट. चारी भिंतींची लांबी २४ फूट, टाइल्स ७ फुटांपर्यंत, म्हणजे १६८. दाराचे १८ वजा जाता १५०. एकूण १८५, त्यात तुटफुटीचे दहा टक्के धरून २०५ चौरस फूट टाइल्स आणायच्या. "माल तुमचा. काम आठ दिवसांचं, उक्तं बारा हजार." मामांची हजेरी ९००, बिगारी म्हणून सोबत येणाऱ्या मामींची ५००. आठ दिवसांचे ११,२०० होतात. मला हिशेब पटला.

तिसऱ्या दिवशी भिंत फोडली तर आतला लोखंडी पाइप गंजून भुगा झालेला. टाकीपर्यंत भिंत खोलून, पाइप बदलून, पुन्हा गिलावा करण्यात तीन दिवस गेले. मग गळती बघायला दोन दिवस पाणी भरून ठेवलं. त्या दिवसांची मजुरी नाही, पण सहा माणसांच्या आंघोळी परसात, सासूबाईंची स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पडदा लावून! पुढं फरशी बसली आणि बादलीभर पाणी ओतलं, तर ते जाळीकडं न जाता दाराकडं निघालं. ढाळ चुकला होता. ते उखडून पुन्हा बसवायला आणखी दोन दिवस.

कॅलेंडरवर १८ दिवस झाले, कामाचे १३. हजेरीनं १८,२०० झाले असते. ह्यांनी बारा हजार मोजून दिले. "उक्तं म्हणजे उक्तं." मामा काही बोलले नाहीत.

रात्री मी वही घेऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, "भिंतीतला गंज आपला होता ग. त्याची मजुरी ठेवून घ्यायची, तर दशलक्षण पर्वात अचौर्य कशाला ऐकायचं?"

मग मी दिवस वेगळे केले. ढाळाचे दोन दिवस त्यांच्या चुकीचे. गंजाचे तीन आमचे, ४,२०० रुपये. ह्यांना वही दाखवली. जरा वेळ बघून म्हणाले, "दे."

सकाळी पैसे दिले, तेव्हा मामा म्हणाले, "ढाळाचे मी मागणारच नव्हतो, वहिनी." मामींनी मात्र त्यातले आपले पंधराशे तिथंच मोजून पदराला बांधले. मला ते फार आवडलं.

तुमच्याकडं असं काम निघालं, तर नुसतं "किती दिवस?" विचारू नका. हाताला काम किती दिवस, वाळण्या-थांबण्याचे किती, आणि भिंतीत काही निघालं तर ते कुणाच्या अंगावर, हे आधीच बोलून घ्या. आम्ही तेवढंच बोललो नव्हतो.

सासूबाई आता दांडीला धरून, एकट्यानं आंघोळ करतात.