टाचांकडे पाहत



वारी करून आपण घरी आलो की लोक पायांना हात लावतात. "एवढं चाललात!" म्हणतात. आपण "सगळं त्याचंच" म्हणतो खरं, पण मनात कुठंतरी सुखावतो. निदान मी तरी सुखावत होतो. ते सुख कुठं उतरलं, ते आज सांगतो.

माझी मुलगी नोकरीसाठी स्वित्झर्लंडमध्ये बर्नला असते. गेल्या सप्टेंबरात तिच्याकडे गेलो होतो. एका सुट्टीच्या दिवशी तिनं विचारलं, "बाबा, हार्डरग्राटला येता? थोडं चालून परत फिरू." ग्राट म्हणजे डोंगराची धार. इंटरलाकेन गावाच्या माथ्यावरून ही धार निघते आणि ब्रिएन्झ सरोवराच्या कडेनं ब्रिएन्झर रोटहॉर्न या २३५० मीटर उंचीच्या शिखराकडे जाते. त्या शिखरावरून खाली यायला १८९२ सालापासूनची दातेरी रुळांची गाडी आहे, अजून वाफेवर चालते. मी म्हटलं, "मग परत कशाला फिरायचं? टोक गाठू आणि गाडीनं उतरू." ती म्हणाली, "बाबा, ही वाट तशी नाही." मी हसलो. "अगं, एकोणीस वाऱ्या केल्यात या पायांनी. आळंदी ते पंढरपूर, दरवेळी अडीचशे किलोमीटर."

पहाटे निघालो. हाबकेर्न गावाच्या वरच्या कुरणापर्यंत गाडीनं गेलो आणि तिथून चढून आउग्स्टमाटहॉर्न हे २१३७ मीटरचं शिखर गाठलं. दम लागला, पण पाय ठणठणीत होते. वाकड्या शिंगांचे रानबोकड कड्यावर निवांत चरत होते. समोर सरोवराच्या पलीकडे आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही बर्फाची शिखरं उन्हात उभी. मी हात जोडले. मुलीकडे अशा नजरेनं पाहिलं, की बघ, आलो की नाही!

खरी धार तिथून पुढं सुरू झाली. वाट कुठं दोन पावलांची, कुठं एकाच पावलाची. डावीकडे उतार, उजवीकडे त्याहून तीव्र उतार आणि तळाशी दीड हजार मीटर खाली ते हिरवं-निळं पाणी. हाताला धरायला खडक नाही की झुडूप नाही. दोन्ही अंगांना नुसतं गवत. हे गवत कोरडं असेल तर पाय ठरतो. ओलं झालं की साबणासारखं होतं. म्हणून तिथले जाणते लोक कोरड्या हवेतच या वाटेला येतात आणि ढग दिसले की निघतात. मुलीनं हे सगळं आदल्या रात्री सांगितलं होतं. मी ऐकलं नव्हतं, फक्त मान डोलावली होती.

तासाभरानं सरोवरावरून धुकं वर चढू लागलं. गवतावर ओल आली. माझा डावा पाय जेमतेम वीतभर घसरला, आणि मी मटकन खाली बसलो. मग उठताच येईना. पुढं टानहॉर्नचं टोक धुक्यात दिसेनासं होत होतं. अवघड भाग तर तिथंच होता. नामस्मरण करू गेलो, तर ओठ हलेनात. माउली, एकोणीस वाऱ्यांचा हा वारकरी दोन्ही मुठींत गवत धरून बसला होता.

मुलगी मागं येऊन शांतपणे म्हणाली, "बाबा, आपण परत जातोय. मी पुढं होते. खाली बघू नका, लांब बघू नका. माझ्या टाचांकडे बघा."

मी बघितलं. तिची टाच उचलली की माझं पाऊल तिथं. मनातल्या मनात टाळाचा ठेका धरला आणि नाम आपोआप आलं. शिखरापाशी पोचेपर्यंत दुसरं काहीच पाहिलं नाही. तिथं बसून पाणी प्यायलो, तेव्हा एकदम उमगलं, की असं चालणं मला नवीन नाही. वारीत मी असाच तर चालतो!

दिवे घाटात पाऊस झोडपत असताना मी कुणाच्या टाचा पाहत चढलो? थकलो तेव्हा मागच्या टाळानं मला ढकललं होतं. कुणी पाण्याचा तांब्या पुढं केला होता, मुक्कामाला कुणी पाय चेपले होते. अडीचशे किलोमीटर "या पायांनी" झाले, असं म्हणत आलो. ते सगळ्या दिंडीच्या पायांनी झाले होते. पुढं-मागं कुणी नसलेल्या वाटेवर माझे स्वतःचे पाय किती, ते त्या धारेनं मोजून दाखवलं.

टोक राहिलं. त्याचं वाईट वाटलं, नाही असं नाही. गाडीची शिट्टीही ऐकायला मिळाली नाही. पण मुलीचं ऐकून वेळेवर वळलो, म्हणून आज हे लिहायला आहे.

यंदा घाटात माझ्यापुढं एक म्हातारे टाळकरी होते. टाचा भेगाळलेल्या, चपलेचा अंगठा दोऱ्यानं बांधलेला. माथ्यावर पोचल्यावर मी वाकून त्या टाचांना हात लावला. ते गडबडले. "अहो माउली, आज काय विशेष?"

काय सांगणार? "तुमच्यामागं चढलो," एवढंच म्हणालो. त्यांनीही वाकून माझ्या पायांना हात लावला आणि टाळ सावरत पुढं निघाले.