चाकांचें माप

घरांत नवी मोटार आली कीं तिची पूजा होते, चाकाखालीं लिंबू ठेवलें जातें, आणि पुढें कित्येक वर्षें त्या चाकांकडे कोणी ढुंकूनहि पाहात नाहीं. आमच्या घरीं मात्र गेले दोन महिने चाकांवांचून दुसरा विषय नाहीं. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांनीं विजेवर चालणारी मोटार घेतली आहे. २०२४ सालीं भारतांत आलेली बीवायडी सील, आणि तीहि त्यांतील सर्वांत वेगवान जातीची. उभ्या जागेवरून ताशीं शंभर किलोमीटरचा वेग ती ३.८ सेकंदांत गांठते, असें कंपनी सांगते. सटाण्याच्या रस्त्यांत कांद्याच्या ट्रॅक्टरामागून जातांना या गुणाचा उपयोग काय, असें आम्हीं विचारलें नाहीं. तरुणांच्या हौसेला असले प्रश्न विचारूं नयेत.

परंतु १९ इंची चाकें काढून २० इंची बसविण्याचा बेत कानीं आला, तेव्हां आम्हीं कागद-पेन्सिल घेतली. टायरच्या कडेवर २३५/४५ आर १९ असें लिहिलेलें आहे. पहिला आंकडा रुंदीचा, मिलिमीटरांत. दुसरा शेंकडेवारीचा, कडेची उंची रुंदीच्या शेंकडा ४५, म्हणजे सुमारें १०६ मिलिमीटर. तिसरा रिमचा व्यास, आणि तो इंचांत! एका ओळींत तीन राज्यें सुखानें नांदतात. सगळें मिळून चाकाचा व्यास ६९४ मिलिमीटर होतो. आतां २३५/४० आर २० घेतलें तर तो ६९६ भरतो. म्हणजे मोटार उंच होत नाहीं, वेगमापकहि बिघडत नाहीं. वाढतो तो धातु आणि घटतें तें रबर व हवा. कड १०६ वरून ९४ वर येते.

आमच्या लहानपणीं लोहार बैलगाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव चढवी आणि पाणी ओतून ती आवळी. तींत हवेचा संबंध नव्हता, हें बसणाराच्या हाडांना कळे. बेलफास्टचे पशुवैद्य डनलॉप यांनीं मुलाच्या तीनचाकी सायकलीकरितां हवेची धाव तयार केली व १८८८ सालीं तिचें पेटंट घेतलें. एवढ्या खटपटीनें मिळालेली हवा आम्हीं पदरचे पैसे मोजून परत करावी काय?

हा प्रश्न आमच्या थोरल्या वहिनींच्या पाठीचा आहे. महिन्यांतून एकदां उपचारासाठीं त्यांस नाशिकास न्यावें लागतें. जाऊन येऊन पावणेदोनशे किलोमीटर, त्यांत देवळ्यापुढील भावडबारीचा घाट आणि गांवोगांवचे न रंगविलेले गतिरोधक. बॅटरीमुळें या गाडीचें वजन दोन टनांहून अधिक; खड्ड्यांत चाक आदळलें कीं तो भार पातळ कडेवर येतो, रिम वाकते किंवा टायरास फुगा येतो. म्हणून टायरवरील भारांकहि पाहिला पाहिजे. ९९ म्हणजे एका टायरास ७७५ किलो. त्याहून कमी अंकाचें टायर, दुकानदार कितीहि गोड बोलला तरी, घेऊं नये. शिवाय मोठी, जड चाकें फिरविण्यास वीज अधिक लागते, आणि एका भरणींत जाण्याचें अंतर घटतें. कायद्याची बाजूहि आहे. कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध वाहनांत फेरफार करतां येत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ सालचा निर्णय आहे. अपघात झाल्यास विमावाले तोच कागद पुढें करतील.

आमचें मत उलट दिशेचें आहे. याच मोटारीच्या साध्या जातीस कंपनी २२५/५० आर १८ देते. कड ११२ मिलिमीटरांवर जाते. व्यास मात्र ६८२ वर येतो, म्हणून वेगमापक खऱ्याहून किंचित् जास्त वेग दाखवील, आणि तें आम्हांस चालेल. अडचण एकच. वेगवान जातीचे ब्रेक मोठे असले तर १८ इंची रिम त्यांवर अडकेल. हें कागदावर कळत नाहीं, प्रत्यक्ष लावूनच पाहावें लागतें.

परवां चिरंजीव म्हणाले, "काका, वीस इंची दिसतात मात्र फार छान हो!" दिसतात, हें खरेंच आहे. वहिनी जवळच वाती वळीत होत्या. त्यांनीं मान वर न करितां पुसलें, "नाशिकास कधीं निघायचें रे?" तूर्त गाडीवर १९ इंचीच आहेत. गुरुवारीं वहिनींना दवाखान्यांत सोडून चिरंजीव १८ इंची रिम ब्रेकांवर बसते का तें पाहणार आहेत. आम्हीहि मोजपट्टी घेऊन बरोबर जाणार आहों.