पाठशुद्धी : श्रद्धेचे एक कर्तव्य

पूज्य मानलेल्या ग्रंथातील शब्दाविषयी भक्ताने शंका घ्यावी की नाही, हा प्रश्न इंग्रजी शिक्षणाबरोबर महाराष्ट्रात आला असा समज रूढ आहे. परंतु पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीचे संशोधन करून या प्रश्नाचे उत्तर कृतीने देऊन ठेवले होते. संशोधन हा शब्द येथे त्याच्या मूळ अर्थाने, म्हणजे शोधून शुद्ध करणे या अर्थाने, घ्यावयाचा आहे.

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवासे येथे सिद्ध झाली. तेव्हापासून एकनाथांपर्यंतच्या सुमारे तीनशे वर्षांत ती हस्तलिखितांतून आणि पाठांतरातून पुढे गेली, आणि या दोन्ही वाटांवर शब्द बदलत गेले. एका ओळीवरून नकलकाराची दृष्टी तशाच शेवटाच्या दुसऱ्या ओळीवर घसरली की मधला मजकूर गळतो; जुना शब्द कळेनासा झाला की त्याच्या जागी ओळखीचा शब्द येतो; आणि निरूपण करणाऱ्याने अर्थ खुलविण्यासाठी रचलेली ओवी पुढच्या नकलेत मूळ ग्रंथाचाच भाग होऊन बसते. एकाच जागी निरनिराळ्या प्रतींत आढळणाऱ्या शब्दांना पाठभेद आणि मागाहून शिरलेल्या मजकुराला प्रक्षेप म्हणतात. ग्रंथातील ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड व मोकळा, आणि अक्षरसंख्येचे बंधन सैल असल्यामुळे प्रक्षेपाला वाव मोठा होता. यांतील बहुतेक बदल दुष्ट हेतूने झालेले नसून प्रेमाने आणि समजावून सांगण्याच्या उत्साहाने झालेले आहेत, हे विशेष ध्यानात घेण्यासारखे आहे. कारण शुद्ध भाव असला म्हणजे शब्द आपोआप शुद्ध राहतो, या समजुतीला त्याने छेद जातो.

अजानवृक्षाची मुळी कंठाला लागल्याचे ज्ञानदेवांनी स्वप्नात सांगितले आणि एकनाथांनी आळंदीस जाऊन ती दूर केली, ही कथा वारकरी परंपरा आदराने सांगते. त्याच एकनाथांनी पाठांतरामुळे अशुद्ध झालेला ग्रंथ शोधून शुद्ध केला, आणि यापुढे जो कोणी त्यात आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील, अशा आशयाचा इशारा ग्रंथाच्या शेवटी दिला. स्वतः समर्थ कवी असूनही आपली वाणी ज्ञानदेवांच्या वाणीत मिसळू नये, ही मर्यादा त्यांनी प्रथम स्वतःवर घालून घेतली. कोणता शब्द ज्ञानदेवांचा आणि कोणता नव्हे हे ठरविणारा हा विवेक श्रद्धेच्या विरोधात उभा नव्हता; श्रद्धा नसती तर एवढा खटाटोप करण्याचे कारणच उरले नसते.

तथापि या कामाची एक मर्यादा स्पष्टपणे मांडली पाहिजे. कोणते पाठ टाकले आणि का टाकले, याची नोंद एकनाथांनी मागे ठेवलेली नाही, त्यामुळे त्यांचा निर्णय तपासण्याचे साधन वाचकाच्या हाती राहत नाही. एकनाथपूर्व ज्ञानेश्वरी कशी होती हा प्रश्न म्हणूनच जिवंत राहिला. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली आपल्याला मिळालेल्या जुन्या पोथीवरून वेगळी संहिता प्रसिद्ध केली, तेव्हा एकनाथांविषयीचा आदर न सोडता त्यांच्या पाठाचीही चिकित्सा करता येते की नाही, हे अभ्यासकांना ठरवावे लागले.

ही उणीव भरून काढणारी पद्धत पुण्यात महाभारताच्या निमित्ताने रुजली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत उपासक होते आणि प्राचीन ग्रंथांचे कठोर परीक्षकही होते. त्यांच्या नावाने १९१७ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे, म्हणजे उपलब्ध प्रती ताडून पुराव्यानिशी पाठ ठरविणाऱ्या आवृत्तीचे, काम आरंभिले आणि १२५९ हस्तलिखितांच्या आधाराने ते १९६६ मध्ये पूर्ण केले. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी घालून दिलेल्या शिस्तीत लोकप्रियतेला पुराव्याचे मोल नव्हते. गणपतीने व्यासांचा लेखक होण्याची कथा घरोघरी ठाऊक असूनही मूळ संहितेतून वगळली गेली. वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने केलेला कृष्णाचा धावाही संहितेत राहिला नाही. परंतु वगळलेला मजकूर नष्ट केला गेला नाही. तो तळटीपांत व परिशिष्टांत, कोणत्या प्रतीत आढळतो या नोंदीसह, छापला गेला, आणि संपादकाशी मतभेद करण्याचा वाचकाचा अधिकार त्यामुळे अबाधित राहिला.

चिकित्सेचे क्षेत्रही येथेच आखले जाते. एखादा श्लोक उत्तरकालीन आहे एवढेच ती सिद्ध करू शकते. तो निरर्थक आहे असे म्हणण्याचा अधिकार तिला नाही, कारण द्रौपदीचा धावा शतकानुशतके ज्यांनी आळवला त्यांचा अनुभव हस्तलिखितांच्या वयावर अवलंबून नसतो. उलटपक्षी, तो अनुभव कितीही उत्कट असला तरी जुन्या पोथीत नसलेली ओळ तो तिच्यात आणू शकत नाही. शब्द कोणाचा, हा प्रश्न पुराव्याचा आहे. तो शब्द जीवनात कसा उतरवावा, हा प्रश्न साधनेचा आहे. आणि एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी न देणे यालाच विवेक म्हणावे.

आज ज्ञानदेव-तुकारामांच्या नावावर कोणत्याही ओळी क्षणात हजारो मोबाइलवर जातात, त्या पुढे पाठविणाऱ्यांचा भावही बहुधा शुद्धच असतो, आणि म्हणून नकलकारांच्या काळातील धोका अधिक वेगाने परत आला आहे. अशा वेळी ओळ पुढे पाठविण्यापूर्वी ती गाथेत किंवा पोथीत आहे की नाही हे पाहणे, हा भक्ताचा किमान आचार ठरतो. पारायणाला बसलेल्या वाचकासमोर जी ज्ञानेश्वरी असते तिच्यामागे प्रती शोधून ओवी न् ओवी निवडणाऱ्या एका भक्ताचे श्रम असतात, आणि ते श्रम पुढे चालविणे हीदेखील त्या ग्रंथाची सेवाच आहे.