ओळखीच्या गावचा कारभार

लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावापासून आपल्याकडील स्थानिक स्वराज्याचा आरंभ मोजण्याचा प्रघात असला, तरी बारामतीची नगरपालिका त्याहून जुनी, १८६५ सालची आहे, आणि इंदापूरची नगरपालिकाही त्याच पिढीतली. त्या काळी या संस्थांवर कलेक्टर आणि मामलेदार यांची हुकमत असे आणि सभासद म्हणून गावातील प्रतिष्ठित गृहस्थ नेमले जात. पुढे निवडणूक आली, मताधिकार विस्तारत गेला, १९६५ चा महाराष्ट्राचा नगरपरिषद अधिनियम आला, आणि १९९३ मध्ये अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने या संस्थांना राज्यघटनेत स्थान मिळाले. हा इतिहास पाठ्यपुस्तकांत सापडतो. मात्र अशा गावाचा कारभार प्रत्यक्ष हाकावा लागतो तेव्हा काय होते, ते तेथे क्वचितच सापडते. आणि नोकरीची उमेदीची वर्षे नगरपालिकांच्या कचेऱ्यांत, विशेषतः कऱ्हा, नीरा व भीमा यांच्या मधल्या या अवर्षणप्रवण मुलखात घालविल्यामुळे, त्याविषयी दोन शब्द लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते.

२०११ च्या जनगणनेत बारामतीची लोकसंख्या ५४ हजारांच्या आणि इंदापूरची २५ हजारांच्या आसपास होती. एवढ्या वस्तीच्या गावात मुख्याधिकारी म्हणून रुजू होणाऱ्याला पहिल्या महिन्यातच उमगते, की येथे सारेच एकमेकांच्या ओळखीचे आहेत. ज्याच्या दुकानाची रस्त्यावर आलेली पायरी काढावयाची तो कचेरीतील लिपिकाचा मामा असतो. ज्याच्याकडे थकबाकीचा तगादा लावावयाचा त्याच्या वडिलांनी शाळेसाठी जागा दिलेली असते. आणि ज्या नगरसेवकाने सभेत प्रशासनावर कडाडून टीका केली, त्याच्याच घरी संध्याकाळी सत्यनारायणाच्या प्रसादाला जावे लागते. या ओळखीचे उपकार मी नाकारणार नाही. कोणत्या बोळात जलवाहिनी फुटली हे पहाटे दारावर थाप पडून समजते, आणि कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेला वृद्ध आहे, म्हणून तेथला उकिरडा आधी उचलला पाहिजे, हे झाडूवाल्या बाईला कोणी सांगावे लागत नाही. परंतु ज्या गावात बहुतेक कामे ओळखीने होतात, त्या गावात ज्याची ओळख नाही त्याचे काय होते, हा प्रश्न मला सतत छळीत आला आहे. कारण अशी माणसे प्रत्येक गावाच्या कडेला असतातच. दुष्काळात गाव सोडून आलेली, औद्योगिक वसाहतीत कामाला लागलेली, भाड्याच्या खोलीत राहणारी ही माणसे कचेरीच्या पायऱ्या चढताना हातातला अर्ज घट्ट धरून असतात, आणि तो अर्ज हीच त्यांची एकमेव ओळख असते. त्या अर्जाची बारनिशीत नोंद झाली, त्यावर क्रमांक आणि तारीख पडली, की तो माणूस एखाद्या वाडेवाल्याच्या शेजारी समान पायरीवर उभा राहतो. दप्तर चोख ठेवण्याचा आग्रह मी आयुष्यभर धरला, तो या माणसासाठी.

या आग्रहाला इंदापूरच्या मातीत फार जुना आधार आहे, आणि तो तेथल्या थोड्याच लोकांना ठाऊक असतो याचे मला नेहमी वाईट वाटते. कंपनी सरकारच्या अमलात, १८३० च्या सुमारास, प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने दख्खनची जमीनमोजणी करून नवी आकारणी लागू केली, तीत इंदापूर तालुका होता. शेताच्या एकूण उत्पन्नातून मशागतीचा खर्च वजा करून जे निव्वळ उत्पन्न उरेल, त्याचा शेकडा ५५ हिस्सा सरकारने घ्यावा, असे त्याचे गणित होते. विद्वत्तेच्या दृष्टीने ते गणित निर्दोष होते असे मानले, तरी ते निव्वळ उत्पन्न ठरवावयाचे कोणी आणि कसे, हे ना रयतेला समजत होते ना वरिष्ठांना तपासता येत होते. हाताखालच्या अंमलदारांनी हव्या तशा नोंदी केल्या, आकार असह्य झाला, जमिनी पडीक पडल्या आणि कित्येक कुटुंबे मुलूख सोडून गेली. त्यानंतर १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी त्याच इंदापुरात नव्याने काम आरंभिले, आणि त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा तो सारा प्रपंचच बाजूला ठेवला. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून जमिनीचे नऊ वर्ग केले, प्रत्येक शेताला क्रमांक दिला, हद्दीच्या खुणा घातल्या, आकार माफक ठेवला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. १८६७ मध्ये त्या आकारणीची फेरतपासणी झाली, तोवर हीच पद्धत मुंबई इलाख्यात दूरवर पसरली होती. आज सातबाऱ्यावर आपण जो सर्व्हे नंबर वाचतो, त्याचे मूळ या पद्धतीत आहे.

दोन्ही आकारण्यांचे हेतू सारखेच होते. माझ्या मते त्यांच्यातला खरा भेद असा, की ज्याच्यावर कर बसावयाचा त्याला दुसरी आकारणी स्वतःच्या बांधावर उभे राहून पडताळता येत होती. आपल्या रानात खोरे मारले की माती किती खोल आहे हे कुणब्याला दिसते. निव्वळ उत्पन्नाचा शेकडा ५५ हिस्सा दिसत नाही. कर देणाऱ्याला जो नियम स्वतः तपासता येतो तोच नियम लहान गावात टिकतो, हा धडा मी त्या जुन्या मोजणीपासून घेतला आणि तो घरपट्टीला लावण्याचा प्रयत्न केला.

घरपट्टीची चतुर्वार्षिक आकारणी हा नगरपालिकेच्या जीवनातला सर्वांत कसोटीचा प्रसंग होय. कर्मचारी टेप घेऊन घरोघर फिरतात, बांधकामाचा प्रकार, वापर, क्षेत्रफळ आणि परिमंडळ यांवरून वार्षिक भाडेमूल्य ठरते, त्यातून दुरुस्तीसाठी शेकडा १० वजा होऊन करयोग्य मूल्य निघते, मग नोटिसा, मग हरकती, मग सुनावणी. एका गावी अशाच सुनावणीत एक वृद्ध बाई मागल्या पावत्या फडक्यात बांधून आली आणि म्हणाली, “साहेब, माझ्या घरावर पत्रा हाय. कागदावर स्लॅब कुणी घातला?” तिच्या गल्लीत बाकी सगळी घरे पक्की झाली होती आणि मोजणाऱ्याने रस्त्यावरूनच ओळ पुरी केली होती. त्याच दुपारी तिच्या घरी जाऊन मोजमाप केले आणि नोंद दुरुस्त केली, यात विशेष काही नाही. विशेष हे, की त्या बाईला तक्रार करता आली, याचे कारण नोटिशीत केवळ कराची रक्कम छापलेली नव्हती. बांधकामाचा प्रकार, लांबी, रुंदी आणि दर हे सारे मराठीत, तिच्या नातवाला वाचून दाखविता येईल अशा रीतीने दिलेले होते. नुसता आकडा आला असता, तर तिने तो नशिबाचा भाग समजून भरला असता किंवा भरलाच नसता, आणि दोन्ही प्रकारांत नगरपालिकेवरचा तिचा विश्वास गेला असता.

पाण्याविषयीही हेच. बारामतीचे पाणी नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाशी बांधलेले, म्हणून साठवण तलाव. भीमेच्या अंगाला असलेल्या इंदापूरचा सारा मुलूख उजनीच्या पातळीकडे डोळे लावून बसलेला. उन्हाळ्यात कालवा बंद असताना तलावातले पाणी किती दिवस पुरवावयाचे, हा हिशेब अभियंता करतो. पण कोणत्या पेठेला किती वाजता पाणी, हे प्रत्यक्षात व्हॉल्व्ह फिरविणाऱ्या माणसाच्या हातात असते, आणि त्याच्यावर ओळखीचा जितका भार येतो तितका नगराध्यक्षांवरही येत नसेल. त्याला त्या भारातून सोडविण्याचा मला ठाऊक असलेला एकच उपाय आहे: पाण्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक चौकातल्या फळ्यावर लिहावे आणि त्यात बदल करावयाचा झाल्यास तोही सकारण तेथेच लिहावा. मग त्याच्याशी हुज्जत घालणाऱ्याला तो फळ्याकडे बोट दाखवू शकतो.

सर्वसाधारण सभेच्या ठरावांविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. ठराव लिहिणे ही एक कला आहे आणि ती आता फार उपेक्षिली जात आहे. ठरावात काम कोणते, ते का, खर्च किती, कोणत्या लेखाशीर्षातून, तरतूद शिल्लक आहे की नाही, सूचक कोण, अनुमोदक कोण, विरोध कोणी नोंदविला, एवढे नि:संदिग्धपणे आले पाहिजे. “सभेस मान्य” या दोन शब्दांवर भागविलेला ठराव पुढे लेखापरीक्षेत उभा राहत नाही, आणि नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार गेली तर तेथेही नाही. सर्वांत जपावे लागते ते सभेच्या अखेरीस येणाऱ्या ऐनवेळच्या विषयांना. जे विषयपत्रिकेवर नाही ते नगरसेवकांनी वाचलेले नसते आणि गावाने ऐकलेले नसते, आणि अशा विषयांत जागांचे भाडेपट्टे घुसू पाहतात. मी त्यांना नेहमी विरोध केला आणि त्याची किंमतही बदल्यांच्या रूपाने दिली. त्या बदल्यांबद्दल मला आजही खेद नाही.

स्त्रियांना प्रथम एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा मिळाल्यावर सभेतील प्रश्नांचा रोख पालटला, हे मी डोळ्यांनी पाहिले. पाण्याची वेळ, गटाराचे झाकण, शाळेतले स्वच्छतागृह हे विषय पूर्वी शेवटी यायचे, ते वर आले. पुढे राज्यातील निवडणुका लांबल्या आणि २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे बहुतेक नगरपरिषदांवर प्रशासक होते, तेव्हा हे प्रश्नच थांबले. प्रशासकाच्या सहीने काम लवकर होते हे खरे. परंतु मी स्वतः अधिकारीवर्गातला असूनही माझे मत स्पष्ट आहे, की ज्या कामाला सभेत कोणी प्रश्न विचारला नाही ते काम अर्धेच झाले असे समजावे. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून स्वतःचे उत्पन्न घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे आणि बाजारवसुली यांपुरते उरले आणि बाकीसाठी अनुदानाकडे पाहावे लागले, ही दुसरी हानी. जकात नाक्यांवरच्या भ्रष्टाचाराचे मी समर्थन करीत नाही. परंतु ज्या संस्थेचा पैसा मुंबईहून येतो तिची मान हळूहळू मुंबईकडेच वळते.

या सर्वांपेक्षा मला समाधान दिले ते आषाढीच्या पायी वारीने. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी पुणे, लोणी काळभोर, यवत, वरवंड करीत बारामतीला मुक्काम करते, काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, सणसर आणि निमगाव केतकीचे मुक्काम आटोपून ती इंदापूरला येते, तेथे गोल रिंगण होते. एका रात्रीपुरती गावाची वस्ती कित्येक पटींनी वाढते. पूर्वी वारी म्हटली की पटकीच्या साथीची धास्ती असे, आणि ती गेली ती कोणा एकाच्या पराक्रमाने नव्हे. ती गेली टँकर भरण्याच्या ठिकाणी उभे राहून पाण्यात शिल्लक क्लोरीन आहे की नाही हे तपासणाऱ्या कर्मचाऱ्यांमुळे. शेवटच्या नळालाही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन मिळाला पाहिजे, हा त्यांचा नियम. मुक्कामाच्या मैदानावर मुरूम टाकणे, फिरती शौचालये, तात्पुरते दिवे, रात्रपाळीचे सफाई कर्मचारी, अग्निशामक बंब कोठे उभा राहील, या प्रत्येक बाबीचा लेखी आदेश आधी निघतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला आपली जागा येते. पालखी पहाटे पुढे निघाली की तासाभरात झाडू हाती येतात, आणि दुपारपर्यंत मैदान पूर्ववत होते.

ज्यांच्यासाठी हे सारे होते ते वारकरी येथले मतदार नसतात, करदाते नसतात, आणि त्यांची नावेही कोणाला ठाऊक नसतात. ओळखीवाचून, वशिल्यावाचून, केवळ माणूस तहानलेला आहे एवढ्यावर आमची नगरपालिका त्यांच्यासाठी रात्रभर जागते. तिला जे एका रात्रीसाठी जमते ते गावाच्या कडेच्या वस्तीसाठी वर्षभर जमले पाहिजे, अशी माझी धारणा आहे, आणि ते अशक्य नाही, कारण माणसे तीच आहेत आणि हातही तेच आहेत.

वाचकांकडे माझे एक मागणे आहे. तुमच्या गावची आकारणी यादी हरकतींसाठी खुली होईल तेव्हा कचेरीत जाऊन ती पाहा. स्वतःची ओळ वाचून थांबू नका. ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांना विचारावयाचे धैर्य होत नाही, अशा शेजाऱ्यांच्या ओळीही वाचा, आणि काही चुकीचे आढळले तर मुदतीच्या आत लेखी हरकत द्या. पोच घेतल्याशिवाय मात्र परत येऊ नका.